टॉवेलखालून बोलते आहे

मी एक जुनी ब्रा आहे.

हसलात ना? हसून घ्या. एकमेकांना कोपराने ढोसून झालं की सांगा, मग पुढे बोलते. मित्रांनो, तुम्ही फाटक्या छत्रीची कहाणी ऐकलीत, मोडक्या खुर्चीची ऐकलीत, झिजलेल्या चपलेची तर डोळ्यांत पाणी आणून ऐकलीत. तेव्हा कुणाला हसू आलं नाही. माझा नंबर आला की मात्र कुणी खाली बघतं, कुणी खोकतं, कुणी खिडकी उघडायला उठतं. लोक आपलं म्हणणं छाती ठोकून सांगतात. मी तर सारा जन्म तिथेच काढला. छाती ठोकून बोलायचा हक्क मला नाही तर कुणाला?

माझा जन्म एका शिवणकारखान्यात झाला. खिडकीपाशी बसणाऱ्या एका चष्मेवाल्या कारागीर बाईंनी मला शिवलं. कापड साधं सुती, वाट्या दुपदरी, पट्टे रुंद, हूक पुढच्या बाजूला. लेस नाही, रेशमी फूल नाही, टोचणारी तारही नाही. बाईंनी माझे पट्टे दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि म्हणाल्या, “ही ओझं पेलेल.” मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

दुकानात मात्र माझी रवानगी सगळ्यात खालच्या खणात झाली. सदरे दर्शनी कपाटात, मोजे काउंटरवर, आणि मी कागदाच्या खोक्यात, खोक्यावर दुसरं खोकं. एके दिवशी एक तरुण बाई आली. तिने आधी रुमाल मागितला, मग सुया मागितल्या आणि मग काउंटरला सांगावं तसं हळूच म्हणाली, “आणि एक... सुतीमधली... नेहमीपेक्षा थोडी मोठी.” दुकानदार छताकडे बघत राहिला. माप तिने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. अंदाजपंचे मला काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, ते पिशवीत घातलं आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. चोरीचा मालसुद्धा इतक्या बंदोबस्तात जात नसेल. पुन्हा त्या दुकानात यायचा संकोच नको म्हणून तिने माझ्यासारख्या दोन-तीन घेतल्या असत्या तर शहाणपण झालं असतं. पण एकीचं नाव घेतानाच तिचा जीव अर्धा झाला होता.

ही बाई एका मोठ्या लाँड्रीत घड्या घालायची. तिथे सगळे तिला घडीवालीच म्हणत. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, खानावळींचे टेबलक्लॉथ असे ढीगच्या ढीग यायचे. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी चार कोपरे धरायचे, हात पूर्ण ताणायचे, एक झटका द्यायचा, मग समोरासमोर चालत यायचं आणि अर्धी झालेली चादर छातीशी दाबून धरून दुसरे कोपरे पकडायचे. तिची जोडीदारीण इतकी उंच होती की तिला शिडी म्हणत. दोघींची घडी अशी पडायची की कडेला कड जुळलेली.

तिला तेव्हा दिवस गेले होते आणि तिच्या अंगात बदल सुरू झाले होते. कुठे, ते स्पष्टच सांगते. स्तनांत. लिहिता येतो ना हा शब्द? मग ऐकताही येईल. ते जड झाले, भरून आले. कातडीखाली निळसर शिरा दिसू लागल्या. स्तनाग्रांभोवतीचं वर्तुळ काळपट आणि रुंद झालं आणि त्यावर बारीक उंचवटे आले. नुसतं कापड घासलं तरी कळ यायची. तिच्या जुन्या ब्रांची तार बरगडीत रुतायची, म्हणून तर मला आणलं होतं. मी अंगावर आले तेव्हा तिने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मी ओझं पेलत होते आणि मला त्याचा गर्व होता.

पण तिच्या घरात सासूबाईंचा एक नियम होता. आतले कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. न्हाणीघराच्या दारामागे एक खिळा, त्या खिळ्यावर मी आणि माझ्यावर टॉवेल. तोही घरातल्या माणसांनी नुकतंच अंग पुसलेला, ओला टॉवेल. दिवसभर ती जगाच्या चादरी गच्चीवर उन्हात फडकवायची आणि तिला बसणारी एकुलती एक ब्रा अंधारात कुबट व्हायची. सकाळी मी दमट असायचे आणि ती मला तशीच अंगात घालायची. त्यात लाँड्रीतली वाफ. थोड्याच दिवसांत तिच्या स्तनांखाली लाल पुरळ उठलं. ते खाजायचं, आग व्हायची. मला सांगा, यात माझा काय दोष? कापडाला ऊन लागतं, वारा लागतो. मी काही भूत नव्हते की मला दाराआड डांबून ठेवावं.

आता खरी गोष्ट. त्या लाँड्रीत डागांचं एक टेबल होतं आणि त्यावर डागमावशींचं राज्य होतं. चहाचा डाग कडेला गडद असतो, गंजाचा डाग भिजवल्यावरही हलत नाही, आणि पिवळा डाग सुकून कडक झाला असेल तर तो जखमेतला पू. असा कपडा आला की तो चिमट्याने उचलायचा आणि वेगळा काढायचा. फारच खराब असेल तर भट्टीत जाळायचा. हा नियम तिथल्या झाडून सगळ्यांना तोंडपाठ होता. घडीवालीलाही.

आणि एका सकाळी तिला माझ्या दोन्ही वाट्यांत पिवळे डाग दिसले. बोट फिरवलं तर कडक.

दुसरी कुणी असती तर गोंधळली असती, कुणाला तरी विचारलं असतं. पण हिला डाग वाचता येत होता. निदान तसं तिला वाटत होतं. ती मला हातात घेऊन न्हाणीघरातच खाली बसली. तिची आई ती शाळेत असतानाच वारली होती. छातीत गाठ होती. आईने ती नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला सांगितली नाही. हात वर होईनासा झाला तेव्हा कुठे घरात कळलं, आणि तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्यालाही तेच झालं आहे, आपण आपल्या बाळाला मोठं झालेलं बघणार नाही, हे घडीवालीने त्या डागावरून ठरवून टाकलं. आणि ठरवून झाल्यावर तिने काय केलं? आईने केलं तेच. तोंडातून ब्र काढला नाही.

तिने जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि माझ्यावरून छातीला करकचून आवळली, डाग बाहेर उमटू नये म्हणून. मला ओरडायचं होतं. अगं, जे वाढतंय त्याला जागा दे, बांधून काय घालतेस? पण माझं ऐकतं कोण. तिला वाकता येईना, श्वास पुरेना. चादर छातीशी दाबताना ती ओठ चावायची. घड्या वाकड्या पडू लागल्या. शिडीने एकदा विचारलं, “अगं, हात का नाही ताणत?” तर म्हणाली, “खांदा धरलाय.”

घरी ती शिवत बसायची. लाँड्रीतून टाकून दिलेल्या चादरींची झबली केली. मग त्याहून मोठी. मग चालत्या मुलाचे सदरे आणि त्यानंतर शाळेत जाणाऱ्या मुलाचा सदरा. सासूबाई हसून म्हणाल्या, “अगं, जन्माला तर येऊ दे. तू तर त्याला शाळेतच घालून बसलीस.” घडीवालीने सुईत नवा दोरा ओवला. आपल्यामागे मुलाचं अडू नये म्हणून ती हे शिवते आहे, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. त्या वेळी मला त्या घरातल्या सगळ्यांचा राग आला. सासूचा, नवऱ्याचा, तिचाही. एवढी माणसं भोवती असताना एक बाई एकटीने मरायची तयारी करत होती.

शेवटी तिने एक युक्ती केली. डागमावशींकडून खात्री करून घ्यायची, पण आपलं नाव न घेता. मला एका गाठोड्यात घालून ती लाँड्रीत घेऊन गेली आणि दवाखान्याच्या कपड्यांत सरकवून दिलं. मग जणू सहज हाती लागली असं दाखवत मला डागांच्या टेबलावर ठेवलं.

“मावशी, हा डाग कसला असेल?”

मावशींनी चिमट्याने मला उचलून उजेडात धरलं. “कुठल्या वॉर्डातून आलंय?”

“ऑपरेशनच्या,” ती म्हणाली.

“मग पूच की. काढ बाजूला. याला धुण्यात काय राम आहे?” आणि मावशींनी भट्टीवाल्याला हाक मारली.

झालं. तिने टेबलाची कड धरली. भट्टीवाला आला. त्याने झाकण उघडलं. आत लाल निखारे होते आणि त्यांची धग माझ्या पट्ट्यांना लागली. मला वाटलं, ही आता गप्प राहणार. मी जळाले की डागही जळेल आणि तिच्या छातीतलं तिच्यासोबतच जाईल. आईचं गेलं तसं.

“थांबा,” ती म्हणाली. “माझी आहे ती.”

सगळं थांबलं. इस्त्रीवाल्या बायका, गाडा ओढणारी माणसं, सगळे वळून बघायला लागले. ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, “ती ब्रा माझी आहे. डाग माझा आहे.”

मित्रांनो, त्या लाँड्रीत रोज हजार कपडे धुतले जायचे, पण माझं नाव असं भर दिवसा, चारचौघांत कुणी घेतलं नव्हतं. भट्टीची धग अंगाला लागत असतानाही माझी मान ताठ झाली.

डागमावशींनी चिमटा खाली ठेवला. हातमोजा काढला आणि मला उघड्या हातात घेतलं. “तुझी आहे तर वॉर्डाचं कशाला सांगितलंस?”

“आईला असंच झालं होतं,” घडीवाली म्हणाली. “गाठ होती. ती गेली.” एवढं बोलून तिला रडू फुटलं.

मावशींनी तिला रडू दिलं. मग विचारलं, “कितवा लागलाय तुला?”

“सहावा.”

“डाग एकीकडे की दोन्हीकडे?”

“दोन्हीकडे.”

“अगं माझे आई,” मावशी म्हणाल्या, “हा पू नाही. हा चीक आहे, बाळाचं पहिलं दूध. माझ्या दोन्ही वेळेला मला झालं होतं. तू वॉर्डाचं नाव घेतलंस म्हणून मी पू म्हटलं. कपडा कुणाचा ते खोटं सांगितल्यावर डाग खरा कसा वाचणार?”

भट्टीवाला पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता. तो खाकरला. “माझ्या बायकोलाही झालं होतं,” तो म्हणाला. “आम्ही दोघं नुसते घाबरलो होतो. कुणाला विचारायची हिंमतच झाली नाही.” मग त्याने झाकण लावलं आणि तो आपल्या कामाला गेला.

मावशी एवढ्यावर थांबल्या नाहीत. “हे बघ, मला डाग कळतात, गाठी कळत नाहीत. आईचं तसं झालंय ना? मग आजच डॉक्टरला दाखव. शिडी, तू जा हिच्याबरोबर. मॅनेजरला मी बघते.”

मला पिशवीत घालून दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर बाईंनी नीट तपासलं. सगळीकडे बोटं दाबून पाहिली, काखेत पाहिलं. गाठ नव्हती. आईचा आजार ऐकून त्या म्हणाल्या की बाळंतपणानंतरही नियमाने येऊन दाखवत जा, आणि मधे काही वेगळं वाटलं तर तारखेची वाट न बघता ये. मग तपासण्यासाठी सोडलेली ती चादरीची पट्टी नर्सताईंनी उचलली आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं. “हे काय पार्सल बांधलं होतंस? अंगात दूध तयार होतंय, त्याला मोकळं राहू दे.”

नर्सताई जे जे म्हणाल्या ते मी नीट ऐकलं, कारण विषय माझाच होता. गरोदरपणात स्तन मोठे होणं, ठणकणं, शिरा दिसणं, वर्तुळ काळं होणं, चीक झिरपणं, हे सगळं होतच असतं. कुणाला चीक दिसतो, कुणाला बाळ होईपर्यंत दिसतच नाही, दोन्हीत घाबरायचं कारण नाही. वर्तुळावरचे ते बारीक उंचवटे फोडायचे नाहीत, कातडी मऊ राहावी म्हणून अंगच तिथे तेल तयार करतं. म्हणून तिथे साबण घासत बसू नये, साधं पाणी पुरे. चीक फार येत असेल तर मऊ सुती कापडाची घडी आत ठेवावी आणि ओली झाली की बदलावी. ब्रा मापाची हवी, रुंद पट्ट्यांची, तार नसलेली, आणि माप पुढेही वाढतं म्हणून पुन्हा मोजून घ्यावं. झोपताना जड वाटत असेल तर सैल, मऊ ब्रा घालून झोपलं तरी चालतं. पुरळ आलंय ते दमट कपड्याने. पण रक्त आलं, गाठ लागली, एखादी जागा लाल होऊन तापली किंवा ताप भरला, तर लगेच यायचं. “लाज वाटली तरी यायचं,” नर्सताई म्हणाल्या. “लाज इथे बाहेरच्या बाकावर बसवून ठेव.”

परत येताना घडीवाली दुकानात शिरली, त्याच. या वेळी रुमाल नाही, सुया नाहीत. “ब्रा हव्यात. माप घ्या.” दुकानदाराने छताकडे बघितलं. “वर काय बघताय?” ती म्हणाली. “माप माझं घ्यायचंय.” त्याने घाईघाईने आतून बायकोला बोलावलं. शिडी दारात उभी राहून इतकी हसली की तिला उचकी लागली.

घरी खरी लढाई होती. तिने मला खिडकीबाहेरच्या दोरीवर, उन्हात घातलं. सासूबाईंनी येऊन टॉवेल टाकला. तिने टॉवेल उचलून शेजारी वाळत घातला. सासूबाईंनी पुन्हा टाकला.

“समोरची माणसं बघतात.”

“बघू देत.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांचेच कपडे धुते मी, आई. कुणाच्या घरात काय नसतं ते मला माहीत आहे.” मग तिने सगळं सांगितलं. डाग, भट्टी, आपली आई, ते शाळेचे सदरे. नवराही ऐकत होता. त्या सदऱ्यांचं ऐकल्यावर तो तिच्याजवळ जाऊन बसला. सासूबाई बराच वेळ टॉवेलाची घडी घालत राहिल्या, तीही वाकडी. मग म्हणाल्या, “माझ्या वेळी मलाही पुरळ उठायचं. मला वाटायचं, बाईच्या अंगाला हे असायचंच.” टॉवेल त्या आत घेऊन गेल्या. त्या दिवशी मी कडकडीत वाळले.

पुरळ गेलं. घड्या पुन्हा सरळ पडू लागल्या. शिडीने चादर छातीऐवजी टेबलावर टेकवून दुमडायची पद्धत काढली, म्हणजे दाबायला नको. मुलगी झाली, आणि माझे पुढचे हूक दिवसातून किती वेळा उघडले ते कुणी मोजलं नाही. ते माझे वैभवाचे दिवस. माझ्यावर दूध सांडलं, लाळ सांडली, एकदा मुलीने माझा पट्टा चावला. एवढा मान किती राजवस्त्रांना मिळाला असेल?

मग मी सैल झाले. रबर गेलं, हूक वाकले. नव्या ब्रा आल्या आणि मी खणाच्या तळाशी गेले. तिथे बरीच वर्षं कुणी माझं नाव काढलं नाही. एके दिवशी सासूबाईंनी मला बाहेर काढलं, उलटसुलट पाहिलं आणि कात्रीने बरोबर मधोमध कापलं. दुपदरी सुती वाट्या, दोन हातांना दोन. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात गरम भांडी उतरवते. वाईट वाटलं का? मुळीच नाही. जिने मला टॉवेलखाली कोंडलं, तीच आता मला दोन्ही हातांत धरून सगळ्यांसमोर येते.

परवाचीच गोष्ट सांगते आणि थांबते. घरी नवऱ्याच्या कामावरचे दोन पाहुणे जेवायला होते. ताटं वाढली होती. सासूबाई मला हातात धरून गरम पातेलं घेऊन येत होत्या. तेवढ्यात ती मुलगी, आता तुमच्याच वयाची, घास गिळून म्हणाली, “आई, माझ्या छातीत एका बाजूला गाठ आलीय. दुखते.”

पाहुण्यांचे हात ताटात थांबले. घडीवालीचा चेहरा उतरला. गाठ हा शब्द तिने त्या घरात कधी सहज घेतला नव्हता. सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं.

“कुठे गं? कधीपासून?” सासूबाईंनी विचारलं. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही जेवा. घरचं बोलणं चाललंय.”

“परवापासून,” मुलगी म्हणाली. “बोंडाच्या खाली. बटणाएवढी.”

घडीवालीने हातातला डाव खाली ठेवला. “तू मोठी व्हायला लागलीस की असं होतं,” ती म्हणाली. “जेवण झालं की मी बघते, आणि उद्या डॉक्टर बाईंनाही दाखवू. सांगितलंस ते बरं केलंस.”

“बरं,” मुलगी म्हणाली. “भाजी वाढ ना.”

मित्रांनो, इतकंच. कुणी मेलं नाही, कुणाची अब्रू गेली नाही, पाहुण्यांनीसुद्धा भाजी पुन्हा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी तपासून तेच सांगितलं, मुलगी वाढते आहे. तुमच्या घरातही आई, बहीण, मावशी, कुणी ना कुणी अंगातलं काही दुखणं सांगू बघत असेल. हसू नका. गप्प तर मुळीच करू नका. आणि तुमचं स्वतःचं काही दुखत असेल तर जेवता जेवता सांगा, कुणीही बसलेलं असो. त्या मुलीने एक वाक्य बोलून भाजी मागितली. तिच्या आईच्या आईला तेवढं एक वाक्य बोलायला कुणी शिकवलं नव्हतं.